पाचवा बगळा

‘पाचव्या तावदानातला बगळा इतर आठांच्या उलट दिशेला तोंड करून आहे,’ मिस पेनरोज आपल्या वहीतून वाचत होती, ‘ही मूळ कारागिराची लहर समजावी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या माणसाची अशी खासगी थट्टा इतक्या धडधाकट स्थितीत क्वचितच हाती लागते. म्हणून नऊ तावदानांत हे सर्वांत मोलाचं.’

विल्फ बायवॉटरच्या हातून टोपी निसटली. ती उचलायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. खाली बघण्यासारखं पुष्कळ होतं. लादीतली वेलबुट्टी होती, काउंटरच्या पायाशी धावणारी पितळी नळी होती, कोणी तरी चुरगळून टाकलेलं सिगरेटचं थोटूक होतं. कारागिराची लहर म्हणे! अहो बाई, कसली लहर आणि कसली थट्टा? तो बगळा त्यानंच कोरला होता, तेरा वर्षांपूर्वी एका रविवारी, सुट्टीमुळे रिकाम्या कारखान्यात एकटं बसून. आणि तो चुकला होता. काचेच्या धंद्यात पहिल्याच आठवड्यात जी चूक करून शिव्या खायच्या आणि पुन्हा जन्मात करायची नाही, ती चूक त्यानं पंचेचाळिसाव्या वर्षी केली होती. काच मागच्या बाजूनं कोरायची असते. चित्र उलटं काढावं लागतं, तेव्हा पुढून सुलटं दिसतं. त्यानं शेजारच्या बगळ्याचं चित्र पुढून छापून घेतलं आणि तसंच्या तसं काचेखाली ठेवलं. काळं रोगण लावलं, अ‍ॅसिड ओतलं, धुतलं, पुसलं, उजेडात धरलं. बगळा भलतीकडेच बघत होता.

‘काय झालं हो, मिस्टर बायवॉटर?’

‘काही नाही. कंबर.’

‘त्याची कंबर धरलीय आणि माझी झोप उडालीय,’ काउंटरमागून बेरिल टॅकली म्हणाली. ती या ‘हेरन’ पबची मालकीण, म्हणजे इमारत जिच्या मालकीची त्या ब्रुअरीनं, बियरच्या कंपनीनं, नेमलेली. त्याआधी पंधरा वर्षं तिनं इथेच ग्लास भरले होते. साठीला आली होती, पण केस अजून तांबडे, आणि आवाज असा की तिनं वरच्या मजल्यावर कुजबुजलेलं तळघरात ऐकू जावं. ‘अरे ऊठ की बाबा. बाईंना उजेड आहे तोवर बाहेरचे फोटो काढायचेत. सही करून टाक नि मोकळा हो.’

तीन वाजून गेले होते. अडीचला कायद्याप्रमाणे दारं बंद झाली होती, ती साडेपाचला उघडायची. बर्मिंगहॅममधले सगळे पिणारे हे तीन तास कुठे तरी अंग चोरून काढतात, विल्फही काढायचा. आज मात्र त्याला बोलावून घेतलं होतं. ब्रुअरीला इथल्या आडभिंती काढायच्या होत्या, सगळ्या खोल्यांची मिळून एक ऐसपैस खोली करायची होती, तिथे खेळाची यंत्रं मांडायची होती. तसं करू दिलं नाही तर ते विकून टाकणार होते, म्हणजे रस्ता रुंद करणारे येऊन सगळंच भुईसपाट करणार. वाचायचा मार्ग एकच. जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत वरच्या वर्गात नाव लागायला हवं होतं. आणि तो वर्ग मिळणार होता या नऊ तावदानांच्या जिवावर. नऊच्या नऊ जागच्या जागी, आणि नऊही मूळची. ती घडवणारा कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली होती, दप्तर रद्दीत गेलं होतं. तिथला शेवटचा काच कोरणारा म्हणजे विल्फ. ‘नऊही तावदानं मूळ बांधकामातली आहेत असं मी जाणकार म्हणून सांगतो’, एवढं एक वाक्य टाइप करून, त्या यादीसाठी पाहणी करायला आलेल्या मिस पेनरोजनं आणलं होतं. खाली रेघ होती. रेघ रिकामी होती.

‘मला जरा नीट बघू द्या,’ विल्फ म्हणाला.

‘अगदी सावकाश बघा,’ मिस पेनरोज म्हणाली. तरुण, लांबलचक मुलगी, गळ्यात कॅमेरा, बुटांना बाहेरचा चिखल. कोणाला फसवील अशी नव्हती, आणि नेमकं तेच विल्फला सहन होईना. ती लाकडी दार ढकलून बाहेर गेली तशी थंड हवा आत आली आणि आतला कालचा धूर हलला.

या इमारतीनं त्याला कधी स्वस्थ बसू दिलं नव्हतं. इतर लोक इथे येऊन निवांत होत, आणि त्याला काय व्हायचं कोण जाणे, डोळे भिरभिरत राहायचे. बाहेरून बघावं तर नुसत्या भाजलेल्या लाल मातीचा डोंगर. कोपऱ्यावर बुरूज, बुरजावर टोपी, टोपीखाली मातीचेच बगळे, त्यांच्या चोचीत मातीचे मासे, खिडक्यांवर दाढीवाले चेहरे, चेहऱ्यांना द्राक्षांचे घोस. आत यावं तर बोळाच्या भिंतींना कमरेपर्यंत हिरव्या चकचकीत फरशा, वर दुधी, मध्ये तपकिरी दोर वळल्यासारखी पट्टी. छताला उठावाचा कागद. एके काळी तो सायीसारखा होता म्हणे, आता त्याला काळ्या चहाचा रंग आला होता. बांधणाऱ्यानं एक तसू जागा मोकळी सोडली नव्हती. आणि एवढा सगळा थाट कशासाठी, तर माणसांनी एकमेकांना बघू नये यासाठी! रस्त्यावरून आत यायला पाच दारं. कामगारांचं वेगळं, बाबू लोकांचं वेगळं, बायकांच्या छोट्या खोलीचं वेगळं, घरी बियरचा जग भरून नेणाऱ्यांच्या खिडकीचं वेगळं, आणि मधल्या बोळाचं वेगळं. मधोमध महॉगनीचं गोलाकार काउंटर, त्याच्या पोटात बेरिल, आणि तिच्याभोवती पाकळ्यांसारख्या वाटून दिलेल्या खोल्या. एकाच पिंपातली बियर, एकच छप्पर, आणि शेजारच्या खोलीत कोण बसलंय याचा पत्ता नाही. कामगारांच्या बाजूला लाकडी बाक आणि उघडी फरशी. समोर, काउंटरपलीकडे, सलूनमध्ये, म्हणजे बाबू लोकांच्या बैठकीत, लाल मखमल आणि शेगडी. आणि त्या सलूनच्या काउंटरवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला, ओळीनं ही नऊ तावदानं. लोक त्यांना बड्यांचे पडदे म्हणत. प्रत्येक तावदान मधल्या खुंटीवर फिरे. साहेबानं बोटानं ते जरासं फिरवायचं, काय हवं ते सांगायचं, आणि पुन्हा लावून घ्यायचं. खाली वीतभर फट असे, तिच्यातून ग्लास सरकायचा. देणारणीला फक्त हात दिसायचा.

हातच दिसला होता त्यालाही. तेरा वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, जेवणाच्या सुट्टीत. विल्फ कामगारांच्या बाजूला आपल्या नेहमीच्या जागी उभा होता, पितळी नळीवर एक पाय, डावीकडे पिण्यातला सोबती क्लेम डग्मोर, हातात अर्धा संपलेला ग्लास. क्लेम काही तरी चावट सांगत होता आणि विल्फ हसत समोर बघत होता, बघत म्हणजे काय, नजर टाकून होता. समोर पाचव्या तावदानाखालच्या फटीतून एक हात आला आणि त्यानं काळ्या दारूचा ग्लास ओढून घेतला. तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. काळ्या बाहीला आतून विरलेली कड होती आणि ती कड ज्या टाक्यांनी शिवली होती ते टाके त्याच्या आईचे होते. विल्फचं हसू तोंडातच राहिलं. बाबा! हेरनमध्ये! आर्थर बायवॉटर, दारू निषिद्ध मानणाऱ्या चॅपेलचे कारभारी, ज्यांनी रस्त्यातून जाताना पबच्या दाराचा वास येऊ नये म्हणून सारी हयात पलीकडच्या फुटपाथवरून काढली, ते?

दहाव्या वर्षी विल्फला त्यांनी शपथेवर सही करायला बसवलं होतं. चॅपेलची सगळी मुलं करत. निळ्या किनारीचं कार्ड, वर फुलं, खाली ‘मी दारूला शिवणार नाही’. विल्फचं डब्ल्यू वेडंवाकडं यायचं म्हणून बापानं त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली होती, आणि ते तुटकं बोट त्याच्या अंगठ्याला घासत होतं. ते कार्ड पलंगावर टांगलेलं होतं. कारखान्यात लागल्यावर वर्षाच्या आत त्यानं ते मोडलं; अ‍ॅसिडच्या वाफेनं घसा जळतो, काचवाले पितातच. बापाला कळत होतं, पण घरात ते कोणी बोलत नसे. मग आई गेली. तिच्या मातीच्या दिवशी विल्फ सकाळी दोन ग्लास पिऊन आला, कारण त्याशिवाय त्याला ती पेटी उचलवली नसती. दारातच बाप उभा होता. ‘तोंडाला हा वास आहे तोवर या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही,’ तो म्हणाला. आवाज चढवला नाही, काही नाही. चार माणसांत. विल्फही तसाच मागे फिरला. त्यानंतर अकरा वर्षं दोघं एका गावात, सहा गल्ल्यांच्या अंतरावर राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. आणि आता तोच माणूस मखमलीवर बसून, पडद्याआड, काळी दारू ढोसत होता!

त्यानं काय केलं ते आठवलं की आजही त्याची कानशिलं तापत. काउंटरची उचलती फळी वर करून तो सरळ आत शिरला. तेव्हाचा मालक ओरडला. बेरिल मध्ये आली, तिला त्यानं बाजूला सारलं. पाचव्या तावदानाशी जाऊन त्यानं ते बोटानं फिरवलं. समोर, हातभर अंतरावर, बापाचं तोंड. म्हातारं झालेलं. ओठाच्या वर तपकिरी फेसाची बारीक रेघ. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. विल्फला काही तरी झणझणीत बोलायचं होतं, अकरा वर्षं घोकून ठेवलेलं. ते ओठावर येण्याआधी बापानं हात वर केला, तुटक्या बोटानं तावदानाची कड धरली, आणि हळूच, अगदी सांभाळून, ते लावून घेतलं. खट् असा आवाज झाला. विल्फच्या नाकासमोर बगळा आला.

तेवढंच. तीन आठवड्यांनी बाप गेला, चॅपेलच्या पायरीवर, छातीत कळ येऊन. माती झाली त्या दुपारी विल्फ इथे आला आणि बंद व्हायच्या वेळी, सगळे टोप्या चढवत असताना, त्यानं पाचव्या तावदानात मूठ घातली. करंगळीखाली अजून वण होता. पोलीस बोलावले नाहीत, मालक भला माणूस होता. ‘भरून दे म्हणजे झालं’ म्हणाला. विल्फनं भरून दिलं. उलटं. ते उलटं आहे हे खुंटीवर चढवताना त्याला कळत होतं, दुसरं करता आलं असतं, पण पुन्हा तो कागद, ते रोगण, त्या बगळ्याची मान रंगवणं, नको झालं. राहू दे, म्हणाला. कोण बघतंय! आणि आता सरकार बघत होतं.

‘चहा घे,’ बेरिलनं कप त्याच्यासमोर आदळला. ‘आणि तो चेहरा आधी सरळ कर. कोणी बघितलं तर म्हणेल मी तुला विष दिलंय.’

‘बेरिल, मी सही करणार नाही.’

‘काय?’

‘पाचवं माझं आहे. तुला माहीत आहे.’

‘मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आणि मालक मरून आठ वर्षं झाली. मग अडलं कुठे?’

‘ती पोरगी वहीत लिहितेय की ते सगळ्यात मोलाचं. कारागिराची लहर! अगं, ते सगळ्यात खोटं आहे. मी सांगून टाकणार. आठ मूळची, एक माझं.’

‘सांग. आत्ता जा आणि सांग,’ बेरिल म्हणाली. ‘मग आठच मूळची म्हणून वर्ग खालचा, खालच्या वर्गाला भिंती पाडायची मुभा. वसंतात येतील ते हातोडे घेऊन. मी बहिणीकडे जाईन, तिच्या मांजरांची खरकटी काढत बसेन. चालेल ना तुला? सत्यवादी मोठा!’

‘माझ्या बापानं आयुष्यभर सगळ्यांना शहाणपण शिकवलं आणि पडद्याआड बसून प्यायला,’ विल्फ म्हणाला. एवढं उघड तो कोणापाशी बोलला नव्हता. आपलाच आवाज त्याला परका वाटला. ‘मला तसलं काही करायचं नाही. मी पितो ते उघड्यावर पितो. कागदावर खोटं मी लिहिणार नाही.’

बेरिल फडक्यानं कोरडाच ग्लास पुसत होती. ती थांबली.

‘काय प्यायला?’ ती म्हणाली.

‘काळी दारू. माझ्या डोळ्यांनी बघितलीय.’

‘विल्फ, ते सार्सापरिला होतं.’

त्याला आधी शब्दच कळला नाही. सार्सापरिला. मुळ्या उकळून केलेलं ते काळं गोड सरबत, चॅपेलच्या सहलीला पिंपभर न्यायचे. फेस अगदी दारूसारखा येतो. लहानपणी ओठावर फेसाच्या मिशा काढून तो आईला हसवायचा.

‘मी त्याच्यासाठी या फळीखाली बाटली ठेवायची,’ बेरिल म्हणाली. ‘दुसरं कोण पिणार ते औषध? तुला माहीत नव्हतं? खरंच माहीत नव्हतं? मला वाटलं, तू रागावलास तो त्यानं इथे पाय ठेवला म्हणून.’

‘कधीपासून?’

‘दोन वर्षं तरी असेल. रोज नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी. बरोबर साडेबाराला, त्या बाजूच्या दारानं. टोपी खाली ओढून. पाचवी जागा रिकामी नसली तर बोळात उभा राहायचा, पण दुसरीकडे बसायचा नाही. एकदा मी म्हटलं, अहो मिस्टर बायवॉटर, शेगडीपाशी बसा की, इथे वारा येतो. म्हणाला, मला इथून बरं दिसतं. बोटभर उघडं ठेवायचा बघ. बोटभर. आणि तुम्ही तिकडे हसायला लागलात की याचा ग्लास हलायचा बंद व्हायचा.’

‘तू मला बोलली नाहीस.’

‘कशी बोलणार?’ ती एकदम चिडली. ‘पडद्यामागे कोण आहे ते देणारणीनं सांगायचं नसतं. मला पहिल्या दिवशी तेच शिकवलं. नवरा विचारो, बायको विचारो, पोलीस विचारो. आज आले नाहीत, एवढंच म्हणायचं. मी किती जणांचं झाकलंय तुला माहीत आहे? आणि त्यानं तर दर वेळी उठताना सांगावं, बेरिल, माझं नाव नको हां. चॅपेलवाले त्याला आत शिरताना बघते तर कारभारीपण त्याच दिवशी गेलं असतं. कोणी सरबत बघायला थांबलं असतं का?’

विल्फनं चहाचा कप उचलला आणि परत ठेवला. मग उठला. सलूनमध्ये जायला आतून वाट नव्हती. तशीच तर बांधली होती ही इमारत. आज दारं बंद म्हणून बेरिलनं फळी उचलून धरली आणि काउंटरच्या पोटातून तो पलीकडे गेला, तेरा वर्षांपूर्वी गेला होता तसाच, फक्त आता धावायची ताकद नव्हती. लाल मखमल पार विटली होती. सलूनला तो कधी बसला नव्हता. पाचव्या तावदानासमोरच्या उंच स्टुलावर तो चढून बसला, हात काउंटरवर ठेवले, आणि काय करावं ते न कळून नुसता बसला. वारा येत होता खरा. दाराच्या फटीतून येऊन मानेवर बसत होता. सत्तरीच्या माणसाला हा वारा दोन वर्षं लागला. त्या छातीला. नको, तो विचार नको. त्यानं बोटानं तावदानाची कड धरली आणि बोटभर उघडली.

समोर काउंटर, बेरिलचे पंप, मग आरसा, आरशाच्या शेजारून गेलेली नजर सरळ कामगारांच्या बाजूला. पितळी नळी. नळीच्या एका जागी पॉलिश उडून पिवळट डाग पडला होता, वीस वर्षं एकाच बुटानं घासलेला. त्याचा बूट. आणखी काही दिसत नव्हतं. क्लेमची जागा दिसत नव्हती, दार दिसत नव्हतं, बाक दिसत नव्हता. चौथं तावदान त्यानं उघडून बघितलं: मध्ये खांब. सहाव्यातून: पंप. पाचव्यातूनच तेवढी एक जागा दिसत होती. कोणी कसं शोधून काढलं असेल हे? किती दिवस एकेका स्टुलावर बसून बघितलं असेल, टोपी खाली ओढून? आणि शेवटी ते तोंडावर बोट ठेवल्यासारखं लावून घेतलेलं तावदान. विल्फनं तेरा वर्षं त्या खट् आवाजाचे शंभर अर्थ लावले होते. चोरी सापडली म्हणून. तुझं तोंड बघायचं नाही म्हणून. शेवटपर्यंत ताठा म्हणून. त्यातला एकही त्याला आता पुरेना, आणि विचारायचं तर कोणाला!

‘बुरुजावर किती सुंदर ऊन पडलं होतं!’ मिस पेनरोज आत आली, गाल लाल झालेले. ‘मग? बघितलंत?’

‘बघितलं.’

‘मला एक सांगा, तुम्ही त्याच धंद्यातले. का फिरवला असेल हो त्यानं हा एकच?’

‘चुकला असेल,’ विल्फ म्हणाला.

‘छे! असे कारागीर चुकत नसत.’

‘चुकतात, मिस. दुःखात असला माणूस तर चुकतो.’

ती हसली, पण त्याच्या तोंडाकडे बघून तिचं हसू विरलं. तिनं कागद काउंटरवर सरकवला. पाचव्या तावदानाखालच्या फटीतून बेरिलचा हात आला आणि पेन ठेवून गेला. विल्फनं पेन घेतलं. सांगावं हिला, सगळं सांगावं, असा एक उमाळा त्याला आला. सांगितलं की आपण खरे. आणि वसंतात हे स्टूल, ही फट, तो पितळेवरचा डाग, सगळं बाहेर टाकलेल्या विटांत जाणार. बापानं कधी खोटं लिहिलं नाही. एवढंच काय, प्यायलाही नाही. ज्याला तेरा वर्षं आपण ढोंगी म्हटलं तो धडधडीत खरा निघाला. आयुष्यात दोनदा विल्फ शपथेच्या कागदासमोर बसला. पहिली शपथ खरी होती आणि त्यानं मोडली. ही तर मुळातच खोटी होती, आणि ती पाळायची होती. त्यानं सही केली. डब्ल्यू अजूनही वेडंवाकडं आलं.

मिस पेनरोज कागद घडी करून, दोनदोनदा आभार मानून गेली. विल्फ उठला नाही. बाहेर उजेड उतरत होता. रस्त्याच्या बाजूची कोरीव काच आधी पिवळी, मग राखी झाली, आणि आतल्या आरशांत एकेक दिवा लागला. बेरिलनं अडसर काढले. साडेपाच.

‘काय देऊ?’ तिनं फटीतून विचारलं. मालकिणीच्या आवाजात, जसं कोणालाही विचारावं.

‘ते आहे का? सार्सापरिला?’

‘मेल्या, तेरा वर्षांनी? लिंबूपाणी आहे.’

‘दे.’

ग्लास सरकत आला. त्याच्या हातावर तिचा हात क्षणभर राहिला आणि गेला. तिकडे कामगारांचं दार धाडकन उघडलं; थंडी, बूट, खोकला, कोणी तरी कोणाच्या बायकोवरून बोललं, हसणं. बोटभर फटीतून विल्फला पितळी नळी दिसत होती. तिच्यावर आपला नसलेला पाय बघून त्याला कसंसंच झालं. हसण्याच्या आवाजात आपला आवाज नाही हे असं इतकं स्पष्ट ऐकू येतं तर! दोन वर्षं बापाला उलटं ऐकू येत होतं. एवढ्या गलक्यातून तो एक आवाज निवडून घेत असणार, आणि सरबत काय, अमृत जरी पुढ्यात असतं तरी घशाखाली उतरलं नसतं. विल्फचे डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं. कोणी बघेल म्हणून त्याचा हात आपोआप वर गेला आणि तावदानाची कड धरून ते लावून घेऊ लागला. हळूच. सांभाळून.

हात तिथेच थांबला.

‘बेरिल! विल्फ कुठाय?’ क्लेम डग्मोर तिकडून ओरडला. ‘त्याच्या जागेवर कोणी उभं राहीना. त्याच्या पायाचा वास येतो म्हणे!’

सगळे हसले. बेरिल पंप ओढत होती. तिनं मान वर केली नाही, पाचव्या तावदानाकडे बघितलंही नाही.

‘आज आला नाही,’ ती म्हणाली.

विल्फनं तावदान पुरतं फिरवलं, इतकं की बगळा आडवा होऊन नुसती काचेची कड उरली, आणि त्या चौकटीतून तोंड काढून, ओलं तसंच, तो ओरडला:

‘आलोय रे! इकडे बसलोय!’